पाऊण स्टॉप कमी, अर्धा स्टॉप जास्त: प्रवाळांच्या टाकीचा उजेड मोजताना

आमचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ आहे. तो बाबांनी सुरू केला आणि गेली अकरा वर्षे मी चालवते. उजेड मोजण्यावरच आमचे पोट असल्यामुळे, प्रवाळांच्या टाकीला किती उजेड लागतो हे मला कोणी शिकवावे लागेल असे मनातही आले नव्हते. पुढचे सात-आठ महिने मी त्यावर जो वेळ आणि पैसा घालवला, त्याचा हिशेब तारखांसह वहीत आहे. कोणाला तरी उपयोग होईल म्हणून तो इथे मांडते.

टाकी स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत, गिऱ्हाइके बसतात तिथे आहे. लांबी ९० सेंटीमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४५. दसऱ्यानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये पाणी भरले. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी आरओचे आणि मीठ विकतचे वापरले, कारण पावसाळ्यात नद्यांचे गढूळ गोडे पाणी किनाऱ्याला मिसळते आणि खारटपणाचा भरवसा राहत नाही. टाकी प्रवाळांसाठी तयार व्हायला तीन महिने लागले.

त्या काळात कागदपत्रांचे काम उरकून घेतले. दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ तर सोडाच, मेलेला तुकडाही उचलून आणायचा नाही. मी फक्त मऊ प्रवाळ ठेवायचे ठरवले आणि तरीही त्यांच्या शास्त्रीय नावांची यादी जोडून ४ नोव्हेंबरला संबंधित कार्यालयात लेखी विचारणा केली. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्यावा. माझा अर्ज मध्यंतरी सापडत नव्हता, तेव्हा त्या शिक्क्यानेच काम झाले. उत्तर २६ डिसेंबरला आले: यादीतील प्रकारांना हरकत नाही, खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात, समुद्रातून काहीही आणू नये. यादी बदलली तर पुन्हा विचारावे, हे मी माझ्यापुरते ठरवून टाकले.

रविवारी, १९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या एका हौशी गृहस्थांकडून, त्यांच्याच टाकीत वाढवलेले तीन प्रकारचे तुकडे आणले: एक सार्कोफायटन, ज्याला सगळे लेदर म्हणतात, डिस्कोसोमा, म्हणजे मशरूम, पाच नग, आणि नऊ तोंडांचा झोअँथसचा एक लहानसा गठ्ठा. दिवा एलईडीचा, पांढरा आणि निळा असे दोन भाग वेगवेगळे कमीजास्त करता येणारा. पांढरा ६० टक्के, निळा ४० टक्के, रोज नऊ तास, अशी सुरुवात केली. पाच आठवडे सगळे उत्तम चालले होते. खरे म्हणजे मी तिथेच थांबायला हवे होते.

निळ्या उजेडात झोअँथस हिरवेगार चमकतात आणि संध्याकाळी आलेली गिऱ्हाइके टाकीसमोरून हलत नाहीत. शिवाय प्रवाळांना निळा उजेड मानवतो, हेही मी वाचले होते. रविवारी, २३ फेब्रुवारीला मी पांढरा २० टक्क्यांवर आणला आणि निळा वाढवू लागले. टाकी एकदम अंधारल्यासारखी वाटली, म्हणून निळा वाढवत वाढवत शंभरावर नेला, तरी ती पहिल्यापेक्षा मंदच दिसत होती. बाबांनी त्यांचा जुना लाइट मीटर पाण्याच्या पातळीवर धरला आणि म्हणाले, "पाऊण स्टॉप कमी झालाय गं." आमच्या धंद्याच्या भाषेत एक स्टॉप वाढला म्हणजे उजेड दुप्पट आणि एक स्टॉप कमी झाला म्हणजे निम्मा. मी मनात म्हटले, कमीच झालाय ना, मग भाजण्याची तर भीती नाही.

३ मार्चला लेदर मिटला. त्याच्या टोपीवर एरवी बोटांसारखे जे पॉलिप डोलत असतात ते आत गेले आणि पृष्ठभाग मेणाचा हात फिरवल्यासारखा दिसू लागला. लेदर अधूनमधून मिटतो, अंगावरचा पातळ पापुद्रा टाकतो आणि पुन्हा उघडतो हे माहीत असल्यामुळे दोन-तीन दिवस मी दुर्लक्ष केले. पण मशरूमच्या कडाही आत वळू लागल्या होत्या. पाणी तपासले तर क्षारता ३५, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, अल्कलिनिटी ८.२, तापमान २६ अंश. त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मग उरला उजेड, आणि तो तर मीटरच्या म्हणण्याप्रमाणे कमी पडत होता. म्हणून ८ मार्चला मी दिवा नऊऐवजी अकरा तास केला.

शिमग्याच्या गडबडीत आठवडा गेला. पालखी घरोघरी फिरत होती, आमच्याकडे पाहुणे होते आणि त्या चार दिवसांत टाकीकडे नीट बघायला कोणाला सवड नव्हती. त्यानंतर पाहिले तर मशरूमचा तांबूस-तपकिरी रंग उतरून पाठीमागचा खडक दिसावा इतके ते फिकुटले होते. १७ मार्चला १,४५० रुपयांचा लक्स मीटर मागवला. पाण्याच्या पृष्ठभागावर ५,००० लक्स आले. सूर्यप्रकाशाचे लक्स ५४ ने भागले की प्रवाळांच्या उपयोगाचा उजेड कळतो, असे एका ठिकाणी वाचले होते. भागाकार आला ९३. म्हणजे अजूनही कमीच! दिवा खाली आणावा का, या विचारात मी होते.

मला थांबवले ते पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या एका मुलाने. तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला. मी पार्श्वभूमीचा पांढरा पडदा सरळ करत होते तेवढ्यात तो टाकीजवळ वाकून म्हणाला, "ताई, हे भाजलेत." मी लक्सचा आकडा सांगितला. त्याने दिव्याकडे बघितले आणि विचारले, "निळ्याचे लक्स मोजलेत तुम्ही?"

त्याने जे समजावले ते आमच्या धंद्यातल्या माणसाला आधीच कळायला हवे होते. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले आहे. आपला डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वांत तीव्रतेने प्रतिसाद देतो आणि ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याला त्याच्या जेमतेम ४ टक्के. बाबांचा लाइट मीटरही तसाच, कारण छायाचित्र शेवटी माणसानेच बघायचे असते. प्रवाळाच्या पेशींमध्ये मात्र झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशसंश्लेषण करते आणि त्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. या शैवालाला निळा उजेड पूर्ण मोलाचा. त्यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले प्रकाशकण रंगाचा भेद न करता मोजावे लागतात: दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल. टाकीवाले सगळे त्याला नुसते 'पार' म्हणतात. सूर्यप्रकाशात एका मायक्रोमोलला सुमारे ५४ लक्स पडतात हे बरोबरच आहे. पण निव्वळ ४५० नॅनोमीटरच्या उजेडात एका मायक्रोमोलला सातच्या आसपासच लक्स पडतात. मी निळ्या दिव्याला सूर्याचा भागाकार लावला होता.

हे ऐकताना मला मालवणची आठवण झाली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालचे फोटो काढायला गेले होते तेव्हा मनगटावरचा लाल दोरा पाच-सहा मीटरांवर पार तपकिरी दिसत होता. पाणी तांबडा उजेड सर्वांत आधी गिळते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. तिथल्या प्रवाळांचा माथाही वीस मीटरांहून खोल, म्हणजे स्वच्छ पाण्यातून तिथवर पोहोचतो तो मुख्यतः निळा उजेड, आणि त्यावर ते जगतात. हे सगळे माहीत असूनही ते मला माझ्या टाकीला लावता आले नव्हते.

२४ मार्चला निळा ५० टक्क्यांवर आणि वेळ आठ तासांवर आणली. उतरलेला रंग आणखी उतरला नाही, पण परतही आला नाही. आता आकडा हवा होता. नवा पार मीटर घेणे माझ्या खिशाला झेपणारे नव्हते. प्रवाळ दिलेल्या गृहस्थांच्या ओळखीतील एकांकडे मीटर भाड्याने मिळतो असे कळले: दिवसाला ६०० रुपये, अनामत २०,००० आणि पुढची मोकळी तारीख १२ मे. सात आठवडे थांबावे लागणार होते. करारासाठी मी शंभराचा मुद्रांक मागायला गेले तर आता पाचशेचाच लागतो असे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा तेही ५०० धरा. करारात दोन वाक्ये माझ्या आग्रहाने घातली: भाडे मीटर हातात पडल्या दिवसापासून मोजायचे, आणि पेटी उघडताना दोन्ही बाजूंनी चित्रफीत काढायची. पहिले वाक्य लगेच कामी आले, कारण पेटी रत्नागिरीऐवजी रतलामला जाऊन तीन दिवस उशिरा, १५ तारखेला आली. परत पाठवताना कुरिअरच्या खिडकीवर बॅटरी आहे का असे विचारतात. ती काढून वेगळी गुंडाळलेली असेल तर वाद होत नाही.

लग्नसराई ऐन भरात असल्यामुळे दिवसभर मी कार्यालयांत असायचे आणि मोजमाप रात्री नऊनंतर. पहिली रात्र वायाच गेली. सेन्सर हातात धरून पाण्यात घातला की हाताची सावली पडे, तो तिरका होई आणि आकडे १८० ते २९० असे कुठेही नाचत. दुसऱ्या रात्री बाबांनी अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी नळीला खाली काटकोनात एक तुकडा जोडला, त्यावर सेन्सर आडवा बसवला, नळीवर दर पाच सेंटीमीटरला खूण केली आणि वर पाण्याची पातळी पाहायची छोटी नळकांडी रबराने बांधली. टाकीच्या काठावर दोऱ्याने पाच गुणिले तीन असे पंधरा चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात १० सेंटीमीटर, २० सेंटीमीटर आणि वाळूजवळ ३५ सेंटीमीटर, असे एकूण पंचेचाळीस आकडे. मी नळी धरायची आणि बाबांनी वहीत लिहायचे.

या कामातल्या ज्या गोष्टी मला चुकूनमाकून कळल्या त्या सांगते. वेव्हमेकर, म्हणजे टाकीतले पाणी हलते ठेवणारा पंप, चालू असताना पृष्ठभागावरच्या लाटा भिंगासारखे काम करतात आणि आकडा सतत हलतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी वीस सेकंद थांबून सरासरी घ्यावी. सेन्सर पाण्यात असताना हवेतल्यापेक्षा कमी दाखवतो, त्यामुळे मीटरमध्ये पाण्याखालचा पर्याय असेल तर तो लावला आहे ना हे पाहावे, नसेल तर माहितीपुस्तिकेतील गुणक वापरावा. आम्ही पहिले सहा आकडे हा पर्याय न लावता घेतले आणि मग खोडले. निळ्या एलईडीसाठी सेन्सर संपूर्ण पट्टा मोजणारा आहे का, हेही मीटर ठरवण्याआधी विचारावे, कारण जुन्या बनावटीचे काही सेन्सर निळा कमी धरतात. आणि मोजण्याआधी दिव्याची काच पुसावी. आमच्या दिव्यावर मिठाचा पातळ पांढुरका थर होता, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. पुसण्याआधी २० सेंटीमीटरवर २११ आले होते आणि पुसल्यावर २३२.

जानेवारीची मांडणी आणि २३ फेब्रुवारीची मांडणी, दोन्ही दहा-दहा मिनिटे लावून पाण्याच्या पृष्ठभागावर मधोमध मोजले. जानेवारीची २४२ आणि फेब्रुवारीची ३३८. त्याच जागी लक्स ८,७०० वरून ५,००० वर उतरले होते. बाबांनी वहीत दोन्ही गुणोत्तरे मांडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण पाऊण स्टॉप कमी म्हणत होतो, तो अर्धा स्टॉप जास्त होता."

बाकीचे आकडे फेब्रुवारीच्या मांडणीतले. मधल्या खडकावर, जिथे लेदर होता, तिथे २३२. त्याच्या शेजारी मशरूमवर २२४. वाळूवर मधोमध १५८ आणि वाळूवरच्या कोपऱ्यांत अवघे ३६. एकाच टाकीत, एकाच दिव्याखाली इतका फरक असेल अशी मला कल्पना नव्हती. मशरूमला साधारण ५० ते १०० पुरतात असे बहुतेक अनुभवी लोक सांगतात. झोअँथस आणि लेदर १०० ते १५० मध्ये सुखाने राहतात. दगडी प्रवाळांपैकी फांद्यांचे प्रकार याहून पुष्कळ जास्त घेतात, पण ते माझ्या टाकीत नाहीत. दिवसाची बेरीजही महत्त्वाची, कारण आकडा हा सेकंदाचा असतो. आकडा गुणिले तास गुणिले ३,६०० भागिले दहा लाख केले की दिवसाचे मोल मिळतात. लेदरला जानेवारीत दिवसाला ५.४ मोल मिळत होते, मी एका रविवारी ते ७.५ केले आणि दोन आठवड्यांनी, तो मिटलेला असताना, तास वाढवून ९.२.

१८ मेच्या रात्री पांढरा २५ टक्के, निळा ५५ टक्के आणि नऊ तास असे ठरले. लेदरवर १४८, म्हणजे दिवसाला ४.८ मोल, झोअँथस वाळूवर मधोमध, १०० वर, मशरूम खडकाच्या आडोशाला, ५८ वर. झोअँथस हलवताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला सांगावे. या कुळातल्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते, म्हणून त्यांचे खडक घरात उकळू नयेत की ब्रशने खरवडू नयेत. १९ तारखेला मीटर परत गेला आणि अनामत आठ दिवसांनी खात्यात जमा झाली. भाडे पाच दिवसांचे ३,०००, जाण्या-येण्याचे विम्यासह कुरिअर ९४०, मुद्रांक ५०० आणि लक्स मीटर १,४५०, असे उजेड मोजण्यावर एकूण ५,८९० रुपये खर्च झाले.

त्या वर्षी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत आला आणि आमच्याकडे वीज जाण्याचा हंगाम लवकर सुरू झाला. एक दिवस दिवा नऊ तास बंद होता आणि मी उगाच घाबरले. एखादा दिवस अंधारात गेला तर प्रवाळांचे काही बिघडत नाही. पाणी थांबले तर बिघडते. इन्व्हर्टरवर दिव्याऐवजी वेव्हमेकर जोडावा.

लेदर ११ जूनला उघडला, तोही अर्धाच, दिव्यापासून लांबच्या बाजूने. मशरूमचा रंग परत यायला जुलै संपत आला. रोज बघितले की फरक कळत नाही, म्हणून मी दर रविवारी एकाच कोनातून, पांढऱ्या उजेडात, एकाच मापाने फोटो काढत होते. निळ्या उजेडातले फोटो सुंदर येतात आणि काहीच सांगत नाहीत. पाचपैकी एक मशरूम गेला. गणपतीत, २७ ऑगस्टला, मुंबईहून आलेल्या चुलत बहिणीच्या मुलाने झोअँथसची तोंडे मोजली, ती चौदा भरली. त्याने पुन्हा मोजली, तरी चौदाच.

लक्स मीटर मी खणात टाकून दिला होता. ५ ऑक्टोबरला दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप टाकीच्या डाव्या टोकाला, बरोबर मशरूमच्या आडोशात शिरलेली दिसली. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असल्यामुळे ती तिथे नव्हती आणि आमच्या पंचेचाळीस आकड्यांत ती कुठेच आलेली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र ती तिथे असणारच. हे ऊन होते, निळा एलईडी नव्हे, म्हणून खण उघडून मीटर काचेला लावला. २७,००० लक्स. ५४ ने भागले तर ५००. बाबा स्टुडिओतून काळ्या कापडाचा तुकडा घेऊन आले आणि आम्ही तो खिडकीला खिळ्यांनी ठोकला.